साताऱ्यात मिळणारा ‘उल्काविवर संच’: वाळूचे प्रयोग घ्या, तक्ता मात्र बदला

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम जवळ आला की साताऱ्यातल्या शालेय साहित्याच्या दुकानांत एक मोठा खोका काउंटरवर दिसू लागतो. झाकणावर डायनासोर, त्याच्या डोक्यावर पेटता दगड आणि खाली ठळक अक्षरांत ‘उल्काविवर आणि महाविनाश : संपूर्ण प्रयोग संच’. किंमत १,८५० रुपये. सांगली-मिरजेतही हाच खोका मिळतो. सातवी ते अकरावीच्या मुलांसाठी शाळा तो घेतात, हौशी पालकही घेतात. म्हणून तो पूर्ण उघडून, प्रत्येक प्रयोग पुन्हा पुन्हा करून आणि तक्त्यातला आकडा न् आकडा तपासून हे लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. विवर कसं पडतं हे दाखवणारा भाग पैसे वसूल करून देतो, फक्त थोडी डागडुजी करावी लागते. विवर पडल्यावर सजीव का मेले हे सांगणारा भाग, म्हणजे भिंतीवरचा तक्ता आणि पुस्तिकेची शेवटची दहा पानं, चुकीचा आहे. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात ती चूक जास्तच खटकते, कारण सजीव आघाताने मेले की लाव्ह्याने या वादातला अर्धा पुरावा इथल्या घाटांत उघडा पडलेला आहे.

ट्रे आणि वाळू

खोक्यात ४० बाय ३० सेंमीचा पत्र्याचा ट्रे आहे, कडा ५ सेंमी उंच. सोबत ५ किलो वाळूची पिशवी. पहिली अडचण इथेच येते. एक लिटर कोरडी वाळू दीड किलोच्या आसपास भरते, त्यामुळे ५ किलो वाळू या ट्रेमध्ये पसरली की थर जेमतेम पावणेतीन सेंमीचा होतो. संचातला सगळ्यात मोठा पोलादी छर्रा २५ मिमी व्यासाचा आणि सुमारे ६४ ग्रॅम वजनाचा आहे. तो १ मीटरवरून सोडला की सैल कोरड्या वाळूत चार-साडेचार सेंमी आत शिरतो. पावणेतीन सेंमीच्या थरात तो सरळ पत्र्यावर आपटतो, टण्णकन आवाज येतो, छर्रा वर उसळतो आणि विवराच्या मधोमध वाळूचं टेंगूळ राहतं. मुलं त्याला ‘मध्यवर्ती शिखर’ समजतात आणि पुस्तिकेतही शेजारी तसंच चित्र छापलं आहे. ते शिखर नव्हे. छर्ऱ्याने ट्रेचा तळ गाठल्याची ती खूण आहे.

उपाय सोपा आहे. पत्र्याचा ट्रे खाली सांडलेली वाळू धरायला ठेवा आणि भांड्यांच्या दुकानातून १२ सेंमी खोल, सपाट तळाचा प्लॅस्टिकचा टब आणा. त्यात वाळूचा थर किमान ८ सेंमीचा करा. त्याच लांबी-रुंदीच्या टबाला सुमारे १५ किलो वाळू लागते. विवराची कड टबाच्या भिंतीपासून निदान विवराच्या त्रिज्येइतकी लांब राहिली पाहिजे, नाहीतर धक्का भिंतीला लागून परततो आणि विवर एका बाजूने दबतं. म्हणजे एका भरणीत दोनच विवरं पाडायची, त्यापेक्षा जास्त नाही.

जादा वाळू कुठली घ्यायची? बांधकामावरची प्लास्टरची चाळलेली वाळू चांगली. आपल्याकडे सर्रास मिळते ती क्रश सँड. ती काळ्या दगडाचा चुरा असते, तिचे कण टोकदार असतात आणि त्यात भुकटी फार असते. अशी वाळू तशीच वापरली तर कण एकमेकांत अडकतात, विवराच्या भिंती उभ्या राहतात आणि कड उचलली जात नाही. ती बादलीत तीन-चार पाणी धुवायची, भुकटी काढून टाकायची, ताडपत्रीवर वाळवायची आणि मैद्याच्या चाळणीने चाळायची. श्रावणात साताऱ्याच्या हवेत दोन दिवस उघडी राहिलेली वाळूही दमट होते. मुठीत घट्ट दाबून मूठ उघडा. वाळू लाडवासारखी राहिली तर ती ओली आहे, लोखंडी कढईत भाजून पूर्ण गार करून घ्या. बहुतेक शाळांत ‘प्रयोग जमला नाही’ म्हणून जी तक्रार होते तिचं मूळ या ओलाव्यात असतं, संचात नसतं.

थर असे लावा. वाळू पट्टीने सपाट करा, पण दाबू नका. तिच्यावर पांढरी रांगोळी दोन ते तीन मिलिमीटर जाड, सगळीकडे सारखी. तिच्यावर लाल रांगोळी चहाच्या गाळणीतून भुरभुरवायची, फक्त पांढरं झाकलं जाईल इतकीच. संचातल्या लाल पुडीचं वजन १०० ग्रॅम आहे, तेवढ्यात तीनच भरण्या होतात. किराणा दुकानातला गेरू चालतो. भुरभुरवताना आणि झाडताना नाकाला रुमाल बांधा, फरशी ओल्या फडक्याने पुसा. छर्रा सोडणाऱ्याने आणि वाकून पाहणाऱ्याने चष्मा लावावा.

आता १६ मिमीचा छर्रा १ मीटरवरून सोडा, हात न हलवता, फक्त बोटं उघडून. सुमारे आठ सेंमीचं गोल विवर पडतं. खोलीतले दिवे मालवून बॅटरी टबाच्या कडेवर आडवी धरा. उचललेल्या कडेची सावली पडते आणि कडेबाहेर लाल जमिनीवर पांढऱ्या जिभा लांबवर गेलेल्या दिसतात. नीट पाहा, आधी वर लाल होतं आणि खाली पांढरं; विवराबाहेर मात्र पांढरं लालावर येऊन पडलं आहे. थर उलटे झाले. अमेरिकेत ॲरिझोनातल्या १.२ किमी व्यासाच्या बॅरिंजर विवराच्या कडेवर खडकांचे थर असेच उताणे पडलेले आहेत, आणि ज्वालामुखीचं तोंड व आघाताचं विवर वेगळं ओळखण्याच्या खुणांपैकी ही एक आहे. टबातली ही दहा सेकंदं हा या संचाचा सगळ्यात मोलाचा भाग. पुस्तिकेत त्यावर एक ओळही नाही, हे फार वाईट वाटतं.

उंची, वेग आणि पुस्तिकेची गफलत

पुस्तिका सांगते, ‘उंची दुप्पट केली की विवर दुप्पट होते.’ हे कुणीही करून पाहिलेलं नाही हे उघड आहे. वाळूत विवराचा व्यास ऊर्जेच्या चौथ्या मुळाप्रमाणे वाढतो. उंची दुप्पट केली तर व्यास सुमारे १९ टक्केच वाढतो. व्यास दुप्पट करायचा तर उंची १६ पट हवी. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या ५० आणि १०० सेंमी या उंच्या सोडून द्या. १६ मिमीचा छर्रा एकदा साडेबारा सेंमीवरून आणि एकदा २ मीटरवरून सोडा. दुसरं विवर पहिल्याच्या दुप्पट भरतं, पट्टी लावली की मुलांना लगेच पटतं. प्रत्येक उंचीवरून पाच वेळा सोडा, कडेच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत मोजा आणि सरासरी घ्या. विवराच्या आतल्या काठापासून मोजणारी आणि माथ्यापासून मोजणारी मुलं एकाच गटात असली की आकडे जुळत नाहीत, हे आधीच ठरवून घ्या.

छर्रा काढायला दिलेला नालचुंबक कामाचा आहे, पण तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच वापरा. काळ्या दगडाच्या चुऱ्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण भरपूर असतात. उघडा चुंबक वाळूत घातला तर त्याला दाढी फुटते आणि ती साफ करता करता तास संपतो. याच कारणाने पुस्तिकेतला ‘गच्चीवरची धूळ चुंबकाने गोळा करा, ती अंतराळातून आलेली असते’ हा उपक्रम आपल्याकडे फसतो. साताऱ्यात गच्चीवरच्या धुळीतून चुंबकाला जे चिकटतं त्यातलं जवळजवळ सगळं सह्याद्रीच्या काळ्या कातळाचं असतं आणि उरलेलं वेल्डिंगच्या ठिणग्यांचं. अंतराळातून आलेले सूक्ष्म गोळे त्यात सापडू शकतात, पण ते गुळगुळीत गोल कण चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक निवडावे लागतात.

वेगाची गोष्ट जास्त गंभीर आहे. १ मीटरवरून पडलेल्या छर्ऱ्याचा वेग सेकंदाला ४.४ मीटर असतो. लघुग्रह पृथ्वीवर आदळतो तो सेकंदाला ११ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने नव्हे, साधारणपणे २० किमीच्या आसपास. २० किमी वेगाच्या एक किलो दगडात जवळपास ४८ किलो टीएनटी या स्फोटकाइतकी ऊर्जा असते. इतक्या ऊर्जेने दगड जमिनीत रुतून बसत नाही. तो स्वतः आणि त्याच्याखालचा खडक दाबले जातात, वितळतात, त्यांची वाफ होते, आणि विवर पडतं ते त्या स्फोटाने. पुस्तिकेत मात्र ‘लघुग्रह विवराच्या तळाशी आजही असतो’ असं लिहिलं आहे. बॅरिंजर विवराखाली लोखंडाचा मोठा गोळा असेल या भरवशावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं खोदकाम झालं आणि तो गोळा मिळाला नाही. टबातल्या छर्ऱ्यामुळे नेमकी तीच समजूत पक्की होते, म्हणून छर्रा चुंबकाने बाहेर काढताना ‘खरा लघुग्रह असा शाबूत राहत नाही’ हे वाक्य दर वेळी बोलायलाच हवं.

पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ तिरप्या आघातासाठी दिली आहे. तीवरून छर्रा घसरत आला की लांबट खड्डा पडतो, आणि पुस्तिका म्हणते की लांबट विवरावरून लघुग्रहाची दिशा कळते. खऱ्या विवरांत असं होत नाही. स्फोट एका बिंदूतून चहूकडे पसरतो, त्यामुळे आघात तिरपा असला तरी विवर गोलच पडतं. क्षितिजापासून पंधराएक अंशांहून कमी कोनात आलेल्या दगडाचंच विवर लांबट होतं. चंद्रावरची बहुतेक सगळी विवरं गोल आहेत, म्हणून ती आघाताची नसावीत असं एके काळी मोठे संशोधकही म्हणत. पन्हळीचा एक उपयोग मात्र आहे. ४५ अंशांवरून छर्रा सोडला की उडालेली रांगोळी पुढच्या बाजूला जास्त जाते आणि मागे कमी. दिशा वाचायची असेल तर ती उडालेल्या मातीवरून.

मध्यवर्ती शिखराचा प्रयोग या संचात नाही. तो वाळूत होणारही नाही. परातीत चार सेंमी पाणी घ्या, त्यात पाण्याचा थेंब ४० सेंमीवरून टाका आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पाहा. खड्डा पडतो, भरून येतो आणि मधोमध पाण्याचा खांब उसळतो. मोठ्या आघातात खडक काही मिनिटं असाच वाहत्यासारखा वागतो. पृथ्वीवर दोन-चार किलोमीटरपर्यंतची विवरं साध्या वाटीसारखी राहतात, त्याहून मोठ्यांत मधे शिखर किंवा शिखरांचं कडं उभं राहतं. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सुमारे १.८ किमी व्यासाचं, म्हणून ते वाटी आहे.

लोणारचं वय पुस्तिकेत ‘५२,००० वर्षे’ असं ठामपणे छापलं आहे. तो एका पद्धतीचा आकडा आहे. आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीवरून, २०११ मध्ये काढलेलं वय ५ लाख ७० हजार वर्षं आहे. दोन्ही आकडे मुलांपुढे ठेवावेत. ‘लोणारच्या आघाताने महाराष्ट्रातील प्राणी नष्ट झाले’ हे पुढचं वाक्य मात्र खोडूनच टाका, त्याला काहीही आधार नाही.

नमुन्यांची पेटी

बेसाल्ट, चुनखडी, ग्रॅनाइट आणि जांभा हे नमुने ठीक आहेत. ‘टेक्टाइट’ म्हणून दिलेला काळा काचेचा तुकडा आग्नेय आशियातला असावा असा दिसतो. पातळ कडेपाठीमागे बॅटरी धरली तर कड तपकिरी दिसते आणि पृष्ठभागावर खळगे आहेत. टेक्टाइट म्हणजे आघाताने वितळून उडालेल्या जमिनीच्या थेंबांची काच. ऑस्ट्रेलियापासून इंडोचीनपर्यंत ती सुमारे ७ लाख ९० हजार वर्षांपूर्वी पडली, आणि त्या वेळी सामूहिक विलोपन, म्हणजे असंख्य प्रजाती एकदम नाहीशा होणं, वगैरे काही झालं नाही. हा मुद्दा पुढे कामी येतो.

‘उल्केचा तुकडा’ मात्र उल्केचा नाही. बाथरूमच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि तिच्यावर तो घासा. तांबूस-तपकिरी रेघ उमटते. ही लोहयुक्त जांभ्याची गाठ आहे, महाबळेश्वर-कासच्या माथ्यावर अशा गाठी पायाखाली येतात. खऱ्या उल्केच्या दगडाची (अशनीची) रेघ उमटत नाही किंवा अगदी फिकी उमटते. चुंबकाला चिकटतो म्हणून दगड उल्केचा ठरत नाही, मॅग्नेटाइटही चिकटतो. त्याची रेघ काळी येते. तरीही शंका असेल तर निकेलची तपासणी करा. डायमिथाइलग्लायॉक्झिमचं द्रावण आणि अमोनियाचे दोन थेंब घेतलेला कापसाचा बोळा घासलेल्या धातूवर फिरवला आणि तो गुलाबी झाला तर निकेल आहे. दुकानदाराला हे दाखवलं तर तो नमुना बदलून देतो, पण बदली मिळालेला तुकडाही जांभ्याचाच निघाला. पेटीतल्या या कप्प्यासाठी पैसे मोजू नका.

शेवटची कुपी आहे ‘डायनासोरच्या थराची इरिडियमयुक्त माती’. कुपीतली माती लाल आहे आणि घाटातल्या लाल मातीसारखी हुबेहूब दिसते. इरिडियम हा जमिनीवर अगदी दुर्मीळ आणि अंतराळातल्या दगडांत जास्त असणारा धातू; मातीत तो असला तरी अब्जात काही भाग एवढाच असतो. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्व्हारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतल्या गुब्बियोजवळच्या सेंटिमीटरभर जाडीच्या मातीत ते शोधलं. नेहमीच्या सुमारे ३० पट, आणि डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंटमध्ये १६० पट. त्यासाठी नमुन्यावर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करावा लागला. शाळेच्या प्रयोगशाळेत ते तपासता येत नाही, म्हणून कुपीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायला काही कारण नाही. भारतात हा थर पाहायचा तर मेघालयातल्या उम सोहरिंगक्यू नदीकाठचा छेद आहे.

सगळ्यात आवश्यक असा एक नमुना पेटीत नाहीच. जिप्सम. त्याचं कारण तक्त्याबरोबर सांगतो.

तक्ता

तक्ता चकचकीत आहे, अक्षर मोठं आहे, आणि त्यावर पाच सामूहिक विलोपनांसमोर पाच बाण काढून प्रत्येकाला एकेक विवर चिकटवलं आहे. पहिलीच चूक दशांश चिन्हाची. डायनासोरांचा अंत ‘६६ कोटी वर्षांपूर्वी’ असं छापलं आहे. खरा आकडा ६६ दशलक्ष, म्हणजे ६.६ कोटी. दशलक्ष म्हणजे दहा लाख, दहा दशलक्षांचा एक कोटी. भाषांतर करताना एक शून्य हललं आणि प्रदर्शनात ते शेकडो मुलांच्या वहीत उतरलं.

पुढचा बाण ट्रायासिक या भूशास्त्रीय कालखंडाच्या अखेरीकडून कॅनडातल्या मॅनिकुआगन विवराकडे जातो. मॅनिकुआगन जवळपास १०० किमीचं आहे, पण त्याचं वय २१.४ कोटी वर्षं आणि ते विलोपन २०.१ कोटी वर्षांपूर्वीचं. मधे सव्वा कोटीहून जास्त वर्षं गेली. त्या विलोपनाची वेळ जुळते ती मध्य अटलांटिकच्या प्रचंड लाव्हा उद्रेकाशी. पर्मियनसमोर अंटार्क्टिकातलं विल्क्सलँड दिलं आहे. बर्फाखालच्या गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीवरून २००६ मध्ये तिथे विवर असावं असं सुचवलं गेलं, ते सिद्ध झालेलं नाही. २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या सगळ्यात भीषण विलोपनात समुद्रातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रजाती गेल्या आणि त्याचं कारण म्हणून पुरावा आहे तो सैबेरियातल्या लाव्ह्याचा. डेव्होनियनसमोर स्वीडनचं सिल्यान आहे, तेही काही दशलक्ष वर्षांनी चुकतं. ऑर्डोव्हिशियनसमोर ‘विवर अद्याप सापडायचे आहे’ असं छापलं आहे. ते विलोपन हिमयुगाशी आणि समुद्राची पातळी उतरण्याशी जोडलं जातं.

म्हणजे पाच बाणांतला एकच बाण टिकतो, मेक्सिकोतल्या युकातानमधल्या चिक्शुलूबचा. तो मात्र भक्कम आहे. १८० किमीच्या वर व्यास, तेलाच्या शोधासाठी केलेल्या पाहणीत पेनफील्ड आणि कामार्गो यांच्या नजरेत आलेली कंकणाकृती रचना, १९९१ मध्ये आघाताचं विवर म्हणून पटलेली ओळख, धक्क्याने रेघा पडलेले क्वार्ट्‌झचे कण, काचेचे गोळे आणि जगभर पसरलेला इरिडियमचा थर. २०१० मध्ये ४१ संशोधकांनी मिळून सगळा पुरावा तपासला आणि मुख्य कारण हाच आघात असा निष्कर्ष काढला.

आता खरा प्रश्न, आणि तक्ता तो विचारतच नाही. मोठं विवर म्हणजे मोठा संहार असं असेल तर सैबेरियातल्या पोपिगाईचं काय? ते १०० किमीचं, वय साडेतीन कोटी वर्षांच्या आसपास. त्याच सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्यावर चेसापीक उपसागराचं विवरही पडलं. दोन मोठे आघात, आणि सामूहिक विलोपन एकही नाही. चिक्शुलूबचा दगड सुमारे १० किमीचा होता हे खरं, पण तो पडला कुठे हे तितकंच महत्त्वाचं. तिथे उथळ समुद्राखाली सुमारे ३ किमी जाडीची चुनखडी आणि जिप्सम-ॲनहायड्राइट या गंधकयुक्त खनिजांचे थर होते. २०१६ मध्ये विवरातल्या शिखरांच्या कड्यात समुद्रतळाखाली १,३३५ मीटरपर्यंत भोक पाडण्यात आलं. मुळात ८ ते १० किमी खोलीवर असलेला ग्रॅनाइट तिथे वर आलेला सापडला. आणि भोवतालच्या खडकांत मुबलक असलेलं जिप्सम विवर भरणाऱ्या खडकांत मात्र जवळजवळ नव्हतंच. ते गेलं होतं वातावरणात. त्यातला गंधक सल्फेटच्या धुक्यासारखा वर पसरला, सोबत काजळी आणि बारीक धूळ. सूर्यप्रकाश अडला, थंडी पडली, समुद्रातली वनस्पतिप्लवकं आणि जमिनीवरच्या वनस्पती थांबल्या, आणि त्यांच्यावर जगणारे एकामागून एक गेले. सुमारे ७५ टक्के प्रजाती नाहीशा झाल्या. गंधक, काजळी आणि धूळ यांत कुणाचा वाटा किती यावर अजून काम चालू आहे.

म्हणून पेटीत जिप्सम हवं. ते मिळवणं सोपं आहे. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी सुधारायला शेतकरी जिप्सम टाकतात, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात ते पोत्याने मिळतं. ते पावडर स्वरूपात असतं, किलोभर पुरे. परीक्षानळीत चमचाभर घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवा. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. जिप्सममधलं पाणी निघालं, मागे प्लास्टर ऑफ पॅरिस उरलं. गंधकाचा वास येणार नाही, येऊ द्यायचा प्रयत्नही करू नका. त्यासाठी हजाराहून जास्त अंश तापमान लागतं. दिवा जे करू शकत नाही ते लघुग्रहाने काही क्षणांत केलं, हे या रिकाम्या वासावरूनच मुलांना कळतं.

आणि आपला कातळ

तक्त्यावर दख्खनच्या लाव्ह्याचा उल्लेख नाही. साताऱ्यात विकल्या जाणाऱ्या संचात हे राहून जावं याचं खरंच वाईट वाटतं. चिक्शुलूबच्या आघाताच्या आगेमागेच हा लाव्हा वाहत होता. आज तो सुमारे ५ लाख चौरस किमीवर पसरलेला आहे, आणि त्याच्या मोठ्या भागाचं जगभरच्या शोधनिबंधांतलं नाव आहे ‘वाई उपगट’. त्यातल्या थरांची नावं पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना हजार मीटरहून जाड थर एसटीच्या खिडकीतून दिसतात.

काळ्या थरांमधे जे लाल पट्टे दिसतात ते दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तयार झालेल्या मातीचे आहेत. ‘डायनासोरचा थर’ तो हा नव्हे, आणि कुपीतली गफलत इथूनच झाली असावी. पण या लाल मातीची थोरवी वेगळीच आहे. तीत पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेतून झिरकॉन या खनिजाचे बारीक स्फटिक मिळतात, आणि त्यांतल्या युरेनियम-शिशावरून वय काढता येतं. २०१९ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी निकाल छापले. झिरकॉन वापरणाऱ्यांना उद्रेकाचा एक मोठा जोर आघाताच्या हजारो वर्षं आधी दिसला. आर्गॉन पद्धत वापरणाऱ्यांना सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतरचा दिसला. आघाताच्या धक्क्यानेच वाई उपगटाचे उद्रेक जोरात आले असावेत अशी कल्पना २०१५ मध्ये मांडली गेली होती. आमच्या मते आघाताची बाजू जड आहे, कारण विलोपनाची रेषा आणि इरिडियमची रेषा एकाच सेंटिमीटरात सापडते. पण लाव्ह्याने हवामान किती डळमळीत केलं होतं हा प्रश्न खुला आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला लोक इथल्याच घाटांत येतात.

लाल मातीचं ढेकूळ नमुना म्हणून हवं असेल तर खाणीच्या टाकाऊ ढिगातून मालकाला विचारून घ्या. कासच्या पठारावरून काहीही उचलू नका. लोणारचा दगडही मागवू नका, ते अभयारण्य आहे. काही विक्रेते ‘लोणारचा अस्सल दगड’ म्हणून पाठवतात तो बहुधा साधा बेसाल्टच असतो.

तक्ता फाडून टाकायची गरज नाही. मागची बाजू कोरी आहे. तिच्यावर चार रकाने आखा : विवर, व्यास, वय आणि कुठल्या खडकात पडलं. चिक्शुलूब, पोपिगाई, मॅनिकुआगन, लोणार एवढे चार पुरेत. शेजारी वेगळ्या रंगात सैबेरिया, मध्य अटलांटिक आणि दख्खन हे तीन लाव्हे आणि त्यांची वयं. बाण मुलांना काढू द्या.

खरेदी करताना काउंटरवरच वाळूची पिशवी दाबून पाहा, आत दव धरलं असेल तर दुसरी मागा. २५ मिमीच्या छर्ऱ्याला गंज आहे का तेही बघा. गंजका छर्रा लाल रांगोळी धरून ठेवतो आणि विवराच्या तळाशी डाग पडतो. नुसता वाळूचा भागच हवा असेल तर १० आणि १६ मिमीचे छर्रे बेअरिंगच्या दुकानात सुटे मिळतात, आणि टब, वाळू, रांगोळी मिळून पाचशे-सहाशे रुपयांत भागतं.